छावणीतले कॉलेज

कॉलेजच्या आवारात एखादी जुनी लष्करी इमारत असली, की तिची ओळख बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते: ‘ही इंग्रजांच्या काळातली.’ ते सैन्य कुणाचे होते, तिथे कोण राहत होते, बांधकामाचा आणि फौजेचा पैसा कुठून आला, हे कुणी विचारत नाही. खरे तर इमारतीचा इतिहास तिथूनच सुरू होतो. या लेखात अशाच एका छावणीची गोष्ट सांगायची आहे. ती औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. तिथल्या लष्करी इमारतींत जून १९५० मध्ये एक कॉलेज सुरू झाले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले.

बुलढाण्याच्या वाचकाला ही गोष्ट परजिल्ह्यातली वाटेल, पण तिचा धागा थेट बुलढाण्याच्या शेतापर्यंत येतो. या छावणीत जी फौज राहत होती, तिचा पगार भागवता यावा म्हणूनच १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. चिखली, मेहकर, मलकापूरच्या कास्तकाराने भरलेला शेतसारा कितीतरी वर्षे या फौजेच्या पगाराचा आधार होता.

फौज का उभी राहिली

सन १८०० च्या तहानुसार निजामाच्या रक्षणासाठी इंग्रजांची तैनाती फौज हैदराबादेत होतीच. त्याशिवाय युद्धाचा प्रसंग आला तर निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीला द्यावे, असेही ठरले होते. तीनच वर्षांनी मराठ्यांविरुद्धच्या युद्धात तो प्रसंग आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. असई हे गाव आज जालना जिल्ह्यात, बुलढाण्याच्या सीमेपासून फार लांब नाही. नोव्हेंबरअखेर अकोला जिल्ह्यातल्या अडगावला दुसरी लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. म्हणजे या युद्धाच्या दख्खनमधल्या मोठ्या लढाया आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या आजूबाजूलाच झाल्या. त्यांत निजामाच्या सैन्याची कामगिरी इंग्रजांना अगदीच निकामी वाटली.

मग निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, नव्या धर्तीचे सैन्य उभे करण्याची कल्पना पुढे आली. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. निजामाचा कारभार पाहणाऱ्या चंदूलालचा याला पाठिंबा होता. पुढे घोडदळाचीही नव्याने बांधणी झाली, वऱ्हाडातल्या पलटणी त्यात आल्या आणि या सगळ्या फौजेला ‘हैदराबाद कंटिंजंट’ असे नाव पडले. औरंगाबाद, एलिचपूर, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, आणि हैदराबादजवळचे बोलारम या तिच्या छावण्या. अमरावती जिल्ह्यातले परतवाडा हे गाव एलिचपूरच्या छावणीभोवतीच वाढले.

सैन्य निजामाच्या नावाचे, हुकूम इंग्रजांचा आणि पैसा निजामाच्या खजिन्यातला, अशी ही विचित्र व्यवस्था होती.

कर्जाच्या पायी वऱ्हाड गेले

निजामाच्या खजिन्याला हा खर्च झेपेना. पगार थकू लागले. हैदराबादेतली विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी जबर व्याजाने निजाम सरकारला पैसे पुरवत असे, आणि त्यातला मोठा वाटा या फौजेच्या पगारावर जाई. १८२० नंतर रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने या पेढीचे व्यवहार उघडकीला आणले. पेढी बुडाली, पण पगाराचा प्रश्न तसाच राहिला. आता थकबाकी इंग्रज सरकारच स्वतःच्या तिजोरीतून भरू लागले आणि निजाम त्यांचा देणेकरी झाला. १८५० च्या सुमारास ही रक्कम चाळीस लाखांच्या वर गेली.

गव्हर्नर जनरल डलहौसीने मग रोकड मागणे सोडून मुलूख मागितला. रेसिडेंट कर्नल जॉन लो याच्या वाटाघाटींतून २१ मे १८५३ रोजी तह झाला. त्यानुसार वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. या मुलखाचे वार्षिक उत्पन्न पन्नास लाख रुपये धरले होते. त्या बदल्यात इंग्रजांनी किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या ठेवायच्या होत्या. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, कर्जही माफ झाले, पण वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले.

बुलढाण्याच्या प्रशासकीय इतिहासाचा आरंभही याच तहात आहे. ताब्यात आलेल्या वऱ्हाडाचे सुरुवातीला दोन जिल्हे करण्यात आले. दक्षिण वऱ्हाडचे ठाणे हिंगोलीला, तर उत्तर वऱ्हाडचे बुलढाण्याला. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या थंड हवेच्या या लहानशा गावाला जिल्ह्याचे ठिकाण होण्याचा मान त्यामुळे मिळाला. पुढे रचना बदलत गेली. १८६४ मध्ये मेहकरच्या नावाने वेगळा जिल्हा निघाला आणि १८६७ मध्ये त्याला बुलढाणा हे नाव मिळाले. चिखली, मलकापूर आणि मेहकर असे त्याचे तीन तालुके होते. खामगाव आणि जळगाव जामोद अकोल्यातून इकडे आले ते १९०५ मध्ये.

याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगावातून रेल्वे गेली. १८७० मध्ये खामगावला फाटा आला. जमिनीची मोजणी होऊन सारा ठरला आणि वऱ्हाडचे उत्पन्न वाढत गेले. या साऱ्यातला पैसा प्रांताच्या कारभाराबरोबर कंटिंजंटवर खर्च होत होता. ज्या शेतकऱ्याने तो भरला, त्याने ती पलटण कदाचित आयुष्यात कधी पाहिलीही नसेल.

छावणीत काय बांधले, काय बांधले नाही

एकोणिसाव्या शतकातली छावणी ठरावीक आखणीची असे. मध्ये परेडचे मैदान. एका बाजूला शिपायांच्या ‘लाइनी’, दुसऱ्या बाजूला लांबरुंद आवारांतले अधिकाऱ्यांचे बंगले. मग मेस, दवाखाना, पहाऱ्याची चौकी, बाजार, आणि वस्तीपासून दूर दारूगोळ्याचे कोठार. औरंगाबादची छावणी शहराच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे वसली. ती आजही छावणी म्हणूनच ओळखली जाते.

यातल्या काही इमारती टिकल्या, काही नाहीशा झाल्या, आणि त्यामागे स्पष्ट कारण आहे. देशी शिपायांना सरकार पक्की घरे बांधून देत नसे. त्यांना झोपडी उभारण्यासाठी थोडा भत्ता मिळे, आणि त्यातून ते मातीच्या भिंतींच्या, गवती किंवा कौलारू खोल्या स्वतःच उभारत. कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा, हत्यारे आणि सरंजाम स्वाराने स्वतः आणायचा. ज्याच्या मालकीचे अनेक घोडे, तो बारगीर ठेवून त्यांच्यावर बसवी. मराठ्यांच्या फौजेतली ही जुनी रीत इंग्रजांनी तशीच चालवली, कारण त्यात सरकारचा खर्च वाचत होता. घोडाही शिपायाचा आणि झोपडीही शिपायाचीच! पलटण हलली की ती झोपडी पावसात विरघळून जाई.

गोऱ्या सैन्याची गोष्ट वेगळी होती. १८५७ नंतर इंग्रज सरकारने भारतातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आयोगासाठी मोठे काम केले. १८६३ च्या अहवालात असे दिसले, की भारतात गोऱ्या शिपायांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ होता, आणि ते लढाईत कमी, ताप, कॉलरा आणि हगवणीने जास्त मरत होते. त्यानंतर बराकींचे बांधकाम बदलले. जोते उंच झाले, खोल्या ऐसपैस आणि छत उंच, दोन्ही बाजूंनी व्हरांडा, समोरासमोर दारे-खिडक्या, आणि गरम हवा बाहेर जायला छताजवळ झरोके. माणशी किती हवा मिळायला हवी याचा हिशेब मांडून खोल्या आखल्या जाऊ लागल्या.

दारूगोळ्याचे कोठार जवळून पाहण्याजोगे असते. भिंती हातभर नव्हे, त्याहूनही जाड. खिडक्या नाहीत. हवा खेळावी म्हणून भिंतीत अरुंद फटी ठेवलेल्या, पण त्या सरळ आरपार जात नाहीत, आत वळण घेतात, म्हणजे बाहेरून आलेली ठिणगी आत पोचू नये. दाराच्या बिजागऱ्या आणि खिळे शक्यतो तांब्या-पितळेचे, कारण लोखंडावर लोखंड घासले तर ठिणगी पडते. वर वीजरोधक. एखाद्या कॉलेजच्या आवारात स्टोअररूम म्हणून वापरलेली बिनखिडकीची जाड भिंतींची खोली असेल, तर या खुणा जरूर तपासाव्यात.

म्हणून आज कुठल्याही जुन्या छावणीत जे दगड-चुन्याचे उभे आहे, ते बहुतेक अधिकाऱ्यांचे, गोऱ्या शिपायांचे किंवा सरकारी सामानाचे. ज्यांच्या बळावर ही फौज चालली, त्यांची घरे शिल्लक नाहीत. इमारत टिकली म्हणजे सगळा इतिहास टिकला, असे समजू नये ते याच कारणासाठी.

१८५७ आणि नंतर

औरंगाबादच्या छावणीने मोठा क्षण पाहिला तो जून १८५७ मध्ये. कंटिंजंटची पहिली घोडदळ पलटण तेव्हा इथे होती. उत्तरेकडे दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला जावे लागणार, या शंकेने स्वार बिथरले. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि हा उठाव चिरडण्यात आला. कित्येकांना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले, काहींना गोळ्या घातल्या. शहरातल्या शिक्षेच्या ज्या जागेला लोक ‘काळा चबुतरा’ म्हणत, तिथे आज क्रांती चौक आहे.

कंटिंजंटचा शेवट मात्र लढाईत झाला नाही. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिले, वर्षाला २५ लाख रुपये घेऊन. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून गेली. तिच्या घोडदळातून ‘२०वी डेक्कन हॉर्स’ झाली. पायदळातून ‘९४वी रसेल्स इन्फंट्री’, ‘९६वी बेरार इन्फंट्री’ अशी नावे पुढे आली. डेक्कन हॉर्सचे स्वार जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर लढले. वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेल्या फौजेचा प्रवास असा युरोपपर्यंत गेला. इकडे हिंगोली, अंबाजोगाई, एलिचपूरसारख्या ठिकाणच्या छावण्यांना उतरती कळा लागली.

सुभेदाराचा मुलगा

लष्करी छावणी आणि शिक्षण यांचे एक नाते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि गावातल्या शाळेची दारे ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी पलटणीची शाळा हाच पहिला फळा ठरला. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ याच वाटेने शिकले आणि महूच्या छावणीतल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीतच त्यांचा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, जन्मला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनीही याच शिदोरीवर दापोलीहून लेखन केले आणि अस्पृश्यांच्या हक्कांसाठी आवाज उठवला.

पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. भरतीबरोबर पगार गेला, पेन्शन गेली आणि शिक्षणाची ती वाटही गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावला.

हे लक्षात घेतले की डॉ. आंबेडकरांनी आपल्या पहिल्या दोन्ही कॉलेजांची सुरुवात लष्करी इमारतींत केली, याकडे नुसती सोय म्हणून पाहवत नाही. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते मरीन लाइन्सच्या युद्धकालीन बराकींत. दुसरे महायुद्ध संपले होते, लष्कराने घाईघाईत उभारलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या आणि मुंबईत जागेची चणचण होती. पुढे कॉलेज फोर्टमधल्या इमारतींत गेले. त्या इमारतींना आनंद भवन आणि बुद्ध भवन अशी नावे मिळाली.

दुसरे कॉलेज काढण्यासाठी त्यांनी औरंगाबाद निवडले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली होती, पण उच्च शिक्षणाची सोय फारच तोकडी होती. बुलढाणा त्या वेळी राज्यरेषेच्या पलीकडे, मध्य प्रदेशात. वऱ्हाडातल्या मुलांना कॉलेज म्हटले की अमरावतीचे, १९२३ साली निघालेले किंग एडवर्ड कॉलेजच डोळ्यांसमोर येई. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्या पोरांना औरंगाबाद त्याहून कितीतरी जवळ. जून १९५० मध्ये छावणीतल्या इमारतींत वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. छावणी आणि बेगमपुरा यांच्या बाजूचा हा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९५५ मध्ये कॉलेजला मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. म. भि. चिटणीस सुरुवातीच्या काळातले प्राचार्य. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटकही याच वातावरणातले. पुढे म. ना. वानखेडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे इथे शिकवू लागले, आणि दलित साहित्याची चळवळ व ‘अस्मितादर्श’ नियतकालिक यांचे नाते या परिसराशी जुळले.

बराक वर्ग म्हणून का चालते

महायुद्धानंतर ही गोष्ट जगभर घडली. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला, तेव्हा विद्यापीठांनी लष्कराच्या उरलेल्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या आपल्या आवारात आणून बसवल्या. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये हिजलीच्या जुन्या बंदीगृहात सुरू झाली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात दोन राजबंदी शहीद झाले होते, आणि महायुद्धात अमेरिकन हवाई दलाने ती जागा वापरली होती. कल्याणजवळचा लष्करी तळ निर्वासितांना राहायला मिळाला आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले.

बराकीचे वर्गात रूपांतर सहज होते याचे कारण तिच्या बांधणीत आहे. ती लांब आणि कमी रुंदीची, म्हणून लाकडी कैच्यांवर पेललेल्या छपराला मधे खांब लागत नाहीत. त्यामुळे फळा सगळ्यांना दिसतो. दोन्ही बाजूंनी खिडक्या असल्याने उजेड भरपूर येतो. व्हरांडा असल्याने एका वर्गातून दुसऱ्यात जायला मधली खोली ओलांडावी लागत नाही. खाटांच्या रांगांसाठी काढलेल्या अंतरात बाकांच्या रांगा नेमक्या बसतात. शिपायाला निरोगी ठेवण्यासाठी जे विज्ञान वापरले गेले, ते विद्यार्थ्याच्याही कामी आले.

आपल्या आवारातली इमारत कशी वाचावी

बुलढाणा जिल्ह्यात आणि सगळ्या वऱ्हाडात शाळा-कॉलेजांच्या आवारात अशा जुन्या वास्तू आढळतात. त्यांचा शोध घेणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. सुरुवात भूमी अभिलेख कार्यालयातून करावी. मिळकत पत्रिका आणि जुने नकाशे यांतून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळते. छावणीची जमीन असेल तर संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये तिची नोंद असते. ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले १९१० चे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर वाचावे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार, त्याची नागपूरची शाखा आणि निजामी दप्तरासाठी हैदराबादचे पुराभिलेखागार या तीन ठिकाणी वऱ्हाडाचा बराचसा कागद आहे. त्याबरोबर इमारत मोजावी. भिंतीची जाडी, दारांमधले अंतर, विटांचे माप, कौलांवरचा कारखान्याचा शिक्का, सगळे टिपून ठेवावे. गावातल्या वृद्धांना विचारावे, पण त्यांनी सांगितलेले कागदाशी ताडून पाहावे.

आणि मग हिशेब विचारावा. औरंगाबादच्या छावणीवर जो पैसा लागला, त्यात वऱ्हाडच्या रयतेचा वाटा होता. शंभरेक वर्षांनी त्याच छावणीत ज्यांच्या पूर्वजांना शाळेचा उंबरठाही ओलांडू दिला नव्हता अशी मुले पदवीसाठी बसली. तो पैसा परत मिळाला असे म्हणता येणार नाही, कारण रयतेच्या कष्टाची भरपाई कधीच कुणी केली नाही. पण सैन्यासाठी उभारलेली वास्तू शिक्षणाच्या हाती आली आणि हजारो घरांची दिशा बदलली, हे खरे आहे. म्हणून अशा वास्तूवर लावायच्या पाटीत बांधणाऱ्या साहेबाच्या नावाबरोबर ती कुणाच्या साऱ्यावर पोसली गेली हेही लिहावे, आणि तिथे शिकून गेलेल्यांच्या आठवणी ते हयात असतानाच नोंदवून घ्याव्यात. हे काम प्रत्येक कॉलेजच्या इतिहास विभागाला करता येण्यासारखे आहे, आणि ते आताच करायला हवे.